फिरती आरागिरणी अडली तर मोटर सगळ्यात शेवटी उघडा

फणसाचा ओंडका रुळांमध्ये चढवून झालाय, पाचर मारून झालीय, चिराईला चार माणसं थांबली आहेत. हिरवं बटण दाबलं आणि मोटर फिरायच्या ऐवजी नुसती हुंऽऽ करत बसली. जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "मोटर गेली." मग नट सोडवून ते धूड टेम्पोत घालायचं, तालुक्याला रिवाइंडिंगवाल्याकडे न्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी तो सांगतो की मोटर धडधाकट आहे. तोवर दोन दिवसांची मजुरी अंगावर पडलेली असते.

मी तळकोकणात मोटरी आणि स्टार्टरची कामं करतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, वाड्या-वाड्यांत झाडं आडवी झाली. ओंडका रस्त्यापर्यंत ओढत नेण्यापेक्षा गिरणीच झाडापाशी न्यावी, हे मला तेव्हा मनापासून पटलं. पण अशी गिरणी विजेच्या बाबतीत वेगळी वागते. बांधीव गिरणीचं वायरिंग एकदा झालं की वर्षानुवर्षं जागचं हलत नाही. फिरत्या गिरणीचं वायरिंग मात्र दर मुक्कामाला नव्यानं होतं: वीज नवी, केबल नव्यानं पसरलेली, प्लग नव्यानं खोचलेला, अर्थिंग नवं, फेजचा क्रमही नवा. त्यात रुळांवरचे धक्के, भुसा, पावसाळी हवा आणि टेम्पोतला प्रवास. त्यामुळे बिघाड बहुतेक वेळा जोडांत सापडतो, मोटरीत क्वचितच. म्हणून शोध नेहमी विजेच्या खांबाकडून मोटरीकडे न्यायचा, उलट कधीच नाही.

इथे मी धरून चाललोय ती नेहमीची आडवी बँडसॉ: रुळांवर सरकणारं डोकं, त्यात साडेसात किंवा दहा एचपीची थ्री फेज मोटर, बाजूला स्टार्टर, डोकं वरखाली करायला एक छोटी मोटर. पेट्रोल किंवा डिझेल इंजिनावरच्या गिरणीचं वायरिंग बारा व्होल्टचं असतं, त्याचं शेवटाकडे सांगतो.

हात घालण्यापूर्वी

मेन स्विच बंद करून भागत नाही. कटआउटचे (मेन स्विचजवळच्या फ्यूजपेटीचे) तिन्ही किटकॅट फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. खिशातला फ्यूज दुसरं कुणी "बघू या आता चालतंय का" म्हणून परत बसवू शकत नाही. व्ही-बेल्ट काढून ठेवा, म्हणजे चुकून मोटर सुरू झाली तरी ब्लेड फिरणार नाही. मग मीटर आधी चालू असलेल्या एखाद्या बोर्डावर लावून बघा, नंतर बंद केलेल्या जागी, आणि पुन्हा एकदा चालू जागी. मधल्या वेळेत मीटरच बिघडला असेल तर तिसऱ्या मोजणीत कळतं. शून्य दाखवणारा बंद मीटर ही जीवघेणी गोष्ट आहे.

काही मोजमापं वीज चालू ठेवूनच घ्यावी लागतात. ४१५ व्होल्टवर ती परवानाधारक वायरमननंच घ्यावीत, पायात कोरडे रबरी बूट, हातात अंगठी-कडं नाही, आणि शेजारी मेन स्विचपाशी एक माणूस उभा. तुम्ही नवखे असाल तर त्याच्या शेजारी उभे राहून आकडे वहीत लिहा. बघता बघता निम्मं काम येतं.

सामान फार लागत नाही. चांगल्या दर्जाचा मल्टीमीटर, तारेभोवती पकडून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर, इन्सुलेशन तपासणारा ५०० व्होल्टचा मेगर, दोनशे वॉटचे दोन दिवे एकापुढे एक जोडून केलेला टेस्ट लॅम्प, झिरो पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, तारेच्या टोकाला बसवायचे थिंबल आणि ते दाबायचं क्रिंपिंग टूल. खिशातला पेनासारखा टेस्टर मी या कामात वापरत नाही. एक फेज तुटलेला असला आणि मोटर जोडलेली असली, तर वाइंडिंगमधून उलटी आलेली वीज त्या मेलेल्या फेजवरही टेस्टर पेटवते. टेस्टर म्हणतो तिन्ही फेज आहेत, आणि आपण दिवसभर भलत्या ठिकाणी शोधत बसतो.

वीज नक्की किती येते

आधी मीटरपेटीपाशी, मग गिरणीच्या मेन स्विचपाशी मोजा. तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात; आर-वाय, वाय-बी, बी-आर या तिन्ही जोड्यांत ४०० ते ४१५ च्या आसपास, आणि प्रत्येक फेज ते न्यूट्रल २३० ते २४० यायला हवेत. हे मोकळ्या अवस्थेतले आकडे झाले. खरा आकडा मोटर ओढत असतानाचा. माणसाला ब्लेड ओंडक्यात घालायला सांगा आणि तेव्हा मोजा. मोकळ्यावर ४१० दाखवणारी लाइन भाराखाली ३४० वर आलेली मी पाहिली आहे. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. ३४० व्होल्टवर ती आपल्या जोराच्या दोन तृतीयांशावर येते आणि उरलेलं काम करण्यासाठी जास्त करंट खेचून तापते. ४१५ च्या दहा टक्के खाली म्हणजे साधारण ३७३ होतात. भाराखाली ३७० च्या आत आलं की मी चिराई थांबवायला लावतो, मालक कितीही घाईत असला तरी.

तिन्ही जोड्यांमधला फरकही बघा. व्होल्टेजमध्ये दोन-तीन टक्क्यांचा फरक क्षुल्लक दिसतो, पण करंटमध्ये तो पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत फुगतो. तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने एकेक करून घ्या. दहा एचपीच्या मोटरीला पूर्ण भारावर साधारण १४ अँपिअर लागतात, साडेसातला ११ च्या जवळपास. नेमका आकडा मोटरीच्या पाटीवर असतो, तोच खरा मानायचा.

वीज कुठून घेतली हेही महत्त्वाचं. शेजारच्या विहिरीवरच्या शेतीपंपाच्या जोडणीवर गिरणी लावायचा मोह होतो, कारण थ्री फेज तिथेच असते. शेतीसाठी मंजूर झालेली वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याचं बिल पंपाच्या मालकाच्या नावावर लागतं. ज्यानं चांगुलपणानं वीज दिली त्यालाच तो भुर्दंड. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या किंवा जनरेटर आणा. आणि लाकूड चिरायच्या परवानगीचं काय ते वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. गिरणी फिरती आहे म्हणून ते टळत नाही.

जनरेटरवर चालवत असाल तर व्होल्टेजच्या जोडीला हर्ट्झही मोजा. दहा एचपीची मोटर डायरेक्ट स्टार्टरवर सुरू होताना नेहमीच्या सहापट, म्हणजे ८०-८५ अँपिअर ओढते. तो झटका लहान जनरेटरला झेपत नाही. इंजिन दबतं, हर्ट्झ ५० वरून खाली येतात, कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला मोटरीला वीज जोडणारा चुंबकी स्विच) सुटतो, पुन्हा लागतो, पुन्हा सुटतो. लोक स्टार्टर बदलतात, आणि दोष असतो जनरेटरच्या कुवतीत.

केबल आणि प्लग: इथे वेळ द्या

पावसाळा नुकताच संपलेला असताना एका वाडीत मला बोलावलं होतं. तक्रार तीच, मोटर हुं करते. रिवाइंडिंगवाल्याकडे एक फेरी होऊन ती परत आलेली. मेन स्विचवर तिन्ही जोड्या ४१० दाखवत होत्या. मी गिरणीकडचा औद्योगिक प्लग सॉकेटमधून ओढून काढला, तर आतल्या पिनांपैकी दोन पितळी पिवळ्या होत्या आणि एक निळसर काळी पडलेली. नखानं खरवडली तर पापुद्रा निघाला. सॉकेटच्या त्या भोकाभोवतीचं प्लॅस्टिक वितळून ओठासारखं बाहेर आलं होतं आणि जळक्या बॅकेलाइटचा वास येत होता. टेम्पोतून येता-जाता तो स्क्रू सैल झाला होता. मोकळ्यावर त्या जोडातून व्होल्टेज पूर्ण दिसायचं, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. मोटरीनं करंट मागितला की तिथेच सगळं अडायचं. नवा प्लग, नवं सॉकेट, अर्ध्या तासाचं काम. त्या दिवसापासून मी पहिली गोष्ट करतो ती म्हणजे प्लग ओढून त्याच्या पिनांचा रंग बघतो.

याच कारणासाठी नुसत्या डिजिटल मीटरच्या आकड्यावर विसंबू नका. शंका असेल तिथे टेस्ट लॅम्प लावा. दिवा स्वतः थोडा करंट ओढतो, त्यामुळे पार तुटत आलेला जोड त्याच्यापुढे उघडा पडतो. दिवा मंद पेटला की समजा, वाटेत काहीतरी अडतंय. सैल झालेला पण थोडाफार लागलेला जोड मात्र दिव्यालाही फसवतो. तो भाराखालीच सापडतो: चालू गिरणी थांबवून, फ्यूज काढून, लगेच जोडांवर हाताची मागची बाजू फिरवा. दोन थंड आणि एक गरम लागला की तोच गुन्हेगार.

केबल किती जाडीची, हा पुढचा प्रश्न. शंभर मीटर लांब, अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल घेतली आणि दहा एचपीची मोटर लावली, तर चालताना वाटेतच सोळा ते एकोणीस व्होल्ट पडतात. चालताना ते खपतात. सुरू होताना करंट सहापट असल्यामुळे हा फटका कित्येक पटीनं वाढतो आणि मोटर उचलतच नाही. शंभर मीटरसाठी मी सहा स्क्वेअर एमएमच्या खाली जात नाही. ती महाग आहे हे खरं, पण मोटर रिवाइंड करण्यापेक्षा स्वस्त पडते. आणि केबल ड्रमवर गुंडाळलेली ठेवून गिरणी चालवू नका. गुंडाळ्यातली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही, आतले थर मऊ होऊन एकमेकांना चिकटतात.

केबल कुठे तुटते तेही सांगतो. डोक्यासोबत सतत वाकणारी जागा, ग्लँडमधून (पेटीच्या भोकाला केबल घट्ट धरणाऱ्या बुचातून) आत शिरणारी जागा, आणि ओंडका घरंगळताना जिथे दाब येतो ती जागा. बाहेरून रबर शाबूत दिसतं आणि आतल्या तारा एकेक करून तुटत जातात. वीज काढून, दोन्ही टोकं सोडवून, मीटर बझरवर लावा आणि केबल या जागांवर हलवत जा. बझर क्षणभर जरी अडखळला तरी तो तुकडा कापून टाका. मधेच जोड मारून वर टेप गुंडाळण्यापेक्षा केबल तेवढी आखूड झालेली बरी.

ब्लेड उलटं फिरतंय का

नव्या जागी जोडणी केल्यावर फेजचा क्रम बदललेला असू शकतो. बांधीव गिरणीला हा प्रश्न आयुष्यात एकदा येतो, फिरत्या गिरणीला दर मुक्कामाला. बेल्ट काढलेला असतानाच बटण क्षणभर दाबून सोडा आणि मोटरीची पुली कोणत्या दिशेनं वळते ते बघा. उलटी असेल तर पुरवठ्याकडच्या कुठल्याही दोन फेजची अदलाबदल करा. मोटरीच्या पेटीत हात घालू नका, नाहीतर पुढच्या मुक्कामी हिशेबच लागत नाही. बेल्ट चढवून आणि ब्लेड ताणून ही चाचणी घेतली तर ब्लेड चाकावरून उतरण्याचा धोका असतो. गिरणीवर बाणाची खूण रंगवून ठेवा.

स्टार्टर: आवाज ऐकून निम्मं निदान

इथं एक गोष्ट मनाशी पक्की धरा. आपल्याकडच्या पुष्कळ स्टार्टरची कॉइल, म्हणजे कॉन्टॅक्टर ओढणारं चुंबकाचं वेटोळं, ४१५ व्होल्टची असते आणि ती दोन फेजच्या मधे जोडलेली असते. समजा आर आणि वाय. आर किंवा वाय यांतला एक गेला तर कॉइलच ओढणार नाही, बटण दाबल्यावर शुकशुकाट. बी गेला तर कॉइलला काही कळत नाही, कॉन्टॅक्टर खटकन लागतो आणि मोटर दोन फेजवर हुं करत अडते. शुकशुकाट असेल तर कंट्रोलच्या वाटेनं किंवा त्या दोन फेजच्या बाजूनं शोधा. खटका ऐकू आला आणि मोटर हुं करते तर तिसरा फेज किंवा कॉन्टॅक्टरचा जळका पॉइंट शोधा. आणि हुं करणारी मोटर "जरा वेळात उचलेल" म्हणून दाबून धरू नका. काही सेकंदांतच वाइंडिंगचा रंग बदलू लागतो.

चालू असतानाच एक फेज गेला तर आणखी कठीण. मोटर फिरत राहते, फक्त उरलेल्या दोन फेजमधून दीडपटीहून जास्त करंट खेचते. वाइंडिंगमध्ये उलटं तयार झालेलं व्होल्टेज मेलेल्या फेजवरही दिसतं, म्हणून व्होल्टमीटरने हा दोष सापडत नाही. क्लॅम्प मीटरने लगेच सापडतो: दोन तारांत भरपूर करंट, तिसरीत शून्य. फिरत्या गिरणीला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) असलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

शुकशुकाट असेल तर कंट्रोलची वाट अशी चालत जा. बेल्ट काढलेला, मोटरीच्या तारा कॉन्टॅक्टरमधून सोडवून टोकं टेप केलेली. वीज चालू. मीटरची एक काडी कॉइलच्या ए-२ टोकावर धरून ठेवा, ती हलवायची नाही. दुसरी काडी एकेक थांबा घेत पुढे न्या: कंट्रोल फ्यूजच्या आधी, फ्यूजच्या पुढे, ओव्हरलोड रिलेचं (जास्त करंट गेला की मोटर थांबवणारा भाग) ९५ नंबरचं टोक, मग ९६, मग लाल मशरूम बटणाच्या (तातडीनं थांबवायच्या) अलीकडे-पलीकडे, ब्लेडच्या झाकणाचा लिमिट स्विच (झाकण उघडं असेल तर वाट तोडणारा), बंद करायचं बटण, आणि शेवटी चालू बटण. चालू बटणाच्या पुढचं मोजताना मदतनीसानं ते दाबून धरायचं. जोवर ४१५ दिसतंय तोवर वाट ठीक. ज्या थांब्यावर आकडा गायब होतो, त्याच्या आणि मागच्या थांब्याच्या मधे दोष आहे. हे एकदा हाताला बसलं की स्टार्टरचा कसला धाक राहत नाही. कॉइलच्या दोन्ही टोकांवर पूर्ण व्होल्टेज पोचतंय आणि तरी ती ओढत नाही, तरच कॉइल जळाली म्हणा. स्टार्टरमध्ये ४१५ ची कॉइल आहे की २३० ची हे तिच्यावर छापलेलं असतं. वाचल्याशिवाय नवी घालू नका.

माझ्या अनुभवात झाकणाचा लिमिट स्विच सगळ्यात जास्त छळतो. फणसाचा चीक आणि भुसा यांची पेस्ट होऊन त्याचा दांडा चिकटतो आणि झाकण लावलेलं असूनही तो उघडाच राहतो. ब्रशनं साफ करा, दांडा मोकळा खेळतोय का बघा. तो शॉर्ट करून पुढे चालू नका. ब्लेड तुटलं की झाकणाच्या आतच थांबावं म्हणून तो स्विच तिथे आहे.

बटण दाबलेलं असेतो मोटर चालते आणि बोट काढलं की बंद होते, तर कॉन्टॅक्टरचा होल्डिंगचा पॉइंट बघा, १३-१४ लिहिलेला. एकतर तिथली तार निसटलेली असते किंवा पॉइंटवर भुसा बसलेला असतो. कॉन्टॅक्टर घरघरत असेल तर आधी व्होल्टेज मोजा. ते ठीक असेल तर मॅग्नेट उघडून त्याची तोंडं सुक्या फडक्यानं पुसा. पावसाळ्यानंतर मला आत मुंग्या, कुंभारीण माशीची मातीची घरटी आणि दोनदा पॉइंटमध्ये चिरडलेली पाल मिळाली आहे. केबलच्या ग्लँडचं मोकळं भोक बुजवलं की ही पाहुणी येत नाहीत. कॉन्टॅक्टर लागत नाही म्हणून काडी खुपसून दाबून ठेवणारे लोक आहेत. असं केलं की ओव्हरलोड, बंद बटण, लाल मशरूम यांपैकी काहीच गिरणी थांबवू शकत नाही.

ओव्हरलोड सारखा ट्रिप होत असेल तर पहिल्यांदा ब्लेड बघा. बोथट ब्लेड, घट्ट बसलेले गाइड, वाळलेला कठीण ओंडका, वाढवलेला वेग: यातलं काही असेल तर मोटर प्रामाणिकपणे जास्त करंट ओढते आणि रिले आपलं काम करतो. नवं ब्लेड चढवून करंट मोजा. पाटीवरच्या आकड्यात आला तर विजेचा दोषच नव्हता. रिलेचा काटा वर सरकवून प्रश्न मिटत नाही, मोटर मिटते. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टारमध्ये कमी जोरावर सुरू करून मग डेल्टात पूर्ण जोरावर नेणारा) असेल तर रिले बहुधा डेल्टाच्या आत बसवलेला असतो आणि त्यातून ५८ टक्केच करंट जातो. १४ अँपिअरच्या मोटरीला तिथे साधारण ८ वर सेटिंग लागतं. पाटीवर १४ बघून रिलेही १४ ला लावणं, ही नवख्यांची नेहमीची चूक. मोटर जळेपर्यंत तो रिले गप्प बसतो.

स्टार-डेल्टाचं आणखी एक लक्षण ओळखायला शिका. मोटर मोकळी छान फिरते, ओंडक्याला लागली की मरते. टायमर बिघडून गिरणी स्टारमध्येच अडकलेली असते आणि स्टारमध्ये जोर एक तृतीयांशच मिळतो. सुरू केल्यावर काही सेकंदांनी दुसरा खटका ऐकू येतो का, इकडे कान ठेवा. नाही आला तर टायमर किंवा डेल्टाचा कॉन्टॅक्टर.

आता मोटर

इतकं सगळं ठीक निघालं तरच मोटरीची पेटी उघडा. वीज काढून पट्ट्या सोडवा आणि तिन्ही वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजा. आकडा किती हे महत्त्वाचं नाही, तिन्ही जवळजवळ सारखे हवेत. मग मेगर: वाइंडिंग ते बॉडी, आणि वाइंडिंग-वाइंडिंग. एक मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर सुरू करू नका. नवी मोटर शेकड्यांत दाखवते. पावसात भिजलेली मोटर बहुतेक वेळा नुसती ओली असते, जळालेली नसते. दोनशे वॉटचा दिवा तिच्याजवळ ठेवून, वर गोणपाट टाकून, रात्रभर कोरडी होऊ द्या आणि सकाळी पुन्हा मेगर लावा. दिव्याला गोणपाट टेकू देऊ नका. मोटरीचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसवलेला असेल तर मेगर लावण्याआधी त्याच्या तारा सोडवा. पाचशे व्होल्ट त्यात गेले की तो कायमचा जातो.

हातानं पुली फिरवा. खरखर असेल किंवा वर-खाली खेळ असेल तर बेअरिंग. ते वेळेत बदललं तर मोटर वाचते.

चौकटीला हात लावून झिणझिण्या आल्या तर

गिरणीच्या लोखंडाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तेवढ्यावरच काम थांबवा. "थोडंसंच येतंय" असं म्हणून कुणाला ओल्या भुशात अनवाणी उभं करू नका.

आमच्याकडे जांभा आहे. उन्हाळ्यात तो कोरडा ठक्क होतो आणि अर्थिंगचा रॉड नीट खाली जात नाही. समजा रॉडचा रेझिस्टन्स वीस ओहम आला. फेज चौकटीला लागला तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअरच जमिनीत जातील. ३२ अँपिअरचा फ्यूज यानं उडत नाही आणि लोखंड तसंच जिवंत राहतं. म्हणून नुसत्या रॉडवर भिस्त ठेवू नका. केबलमध्ये अर्थची वेगळी तार घ्या, ती चौकटीपासून मीटरपेटीपर्यंत अखंड आहे का हे मीटरने बघा, एक ओहमच्या आत यायला हवी, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावा. त्याचं टी बटण रोज सकाळी दाबा. जनरेटरचा न्यूट्रल अर्थला बांधलेला नसेल तर चौकटीला फेज लागूनही आरसीसीबी उडणार नाही, हे फार कमी जणांना माहीत असतं. ती जोडणी वायरमनकडून करून घ्या.

आरसीसीबी उडतोय म्हणून तो काढून टाकणं हा उपाय नाही. एकेक गोष्ट सोडवून बघा: आधी डोकं वरखाली करणारी मोटर, मग दिवा, मग मुख्य मोटर. जी सोडवल्यावर तो टिकतो, तिच्यात किंवा तिच्या केबलमध्ये पाणी शिरलंय.

इंजिनावरची गिरणी

इथे मुख्य ताकद इंजिनाची, पण सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर), डोकं वरखाली करणारी मोटर आणि पुढे सरकवणारी मोटर बॅटरीवर चालतात. भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवेत. नाही आले तर चार्जिंग होत नाहीय. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी थकली.

डोकं सावकाश चढतंय, मधेच थांबतंय, अशी तक्रार आली की बॅटरीची पोस्ट ते मोटरीचं टोक, असा मीटर लावून बटण दाबून धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढी वीज वाटेत जिरतेय. मग एकेक जोड मोजा: पोस्ट आणि लग (तारेच्या टोकाची कडी), लग आणि स्विच, स्विचच्या अलीकडे-पलीकडे. चांगल्या जोडात ०.१ व्होल्टच्या आसपास पडतो. हीच मोजणी ऋण बाजूनंही करा. चौकटीला बॉडी अर्थ बसवलेल्या जागी रंग किंवा गंज असतो आणि तिथंच घोळ होतो. पॉलिश पेपरनं लोखंड उघडं करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा, वर ग्रीस लावा. वरखाली करायच्या ड्रम स्विचचे पॉइंट काळे पडतात, कार्बन ब्रश झिजतात. दोन्ही स्वस्त आहेत, सुटे पिशवीत ठेवा.

मुक्काम हलवताना

शेवटची फळी उतरली की वीज काढा, स्टार्टरचं झाकण उघडून भुसा ब्रशनं काढा. कॉम्प्रेसरची हवा मारलीत तर तो पॉइंटच्या आत जाऊन बसतो. प्रत्येक टर्मिनलवर स्क्रूड्रायव्हर एकदा फिरवा. प्लग आणि सॉकेटच्या तोंडाला टोपी लावा, ती नसेल तर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. केबल मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा, पीळ पडू देऊ नका. त्या दिवशीचे भाराखालचे तिन्ही व्होल्टेज आणि तिन्ही करंट वहीत तारखेसह लिहा, सोबत कोणतं लाकूड होतं तेही. पुढच्या मुक्कामी आकडे वेगळे आले तर नेमकं काय बदललं, हे त्या पानावरून समोर येतं.